भिंतीपलीकडे टाकलेले गोचीड

१३ जुलै, रविवार

गाईवाल्यांनो, म्हशीवाल्यांनो, एका शेळीवर घर चालवणाऱ्या बायांनो! तुमचं जनावर आजारी पडतं तेव्हा दवाखान्याचं दार बंद असतं. पाच गावांना एक डॉक्टर. आपल्या गावाच्या वाट्याला बुधवार. आजारी पडायचं तर बुधवारीच पडायचं, हे आपल्या जनावरांना कोण शिकवणार?

— असं सुरू करायचं, २७ तारखेच्या ग्रामसभेत. 'कोण शिकवणार' म्हटल्यावर थांबायचं. हशा होईल. तो ओसरायच्या आत मागणी ठेवायची, नाहीतर लोक तंबाखू मळायला लागतात. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्यात एवढं कळलं — लेकरं असोत की ग्रामसभा, आधी हसवावं लागतं.

संध्याकाळी तांबडीचे गोचीड काढले. कानात चार, कासेजवळ सात, शेपटीखालचे मोजले नाहीत. करवंटीत गोळा केले आणि भिंतीपलीकडे टाकले. मारत नाही. गुरुवारी वर्षावास सुरू झाला. तीन वर्षांपूर्वी असाच सुरू झाला तेव्हा विहारात बसून ठरवलं होतं — आपल्या हातानं जीव मारायचा नाही. आई गोचीड दगडानं चिरडायची. तो आवाज लहानपणापासून अंगावर यायचा. पहिली करवंटी, तारेचा कान लावलेली, एकदा गोचिडांसकट हातातून सुटून पलीकडे गेली. ही दुसरी.

तांबडी मजेत. लाल कंधारी! ना ताप, ना सर्दी, ना डॉक्टर. तिचं उदाहरण भाषणात घालायचं. आपलं वाण ते आपलं वाण!

१४ जुलै

जळबा सकाळी गल्लीतली गुरं चरायला घेऊन गेला. शेजारच्या जुलेखाची चांदणी दावणीलाच दिसली. जाऊन विचारायला हवं होतं. भाषणाचा दुसरा परिच्छेद लिहीत बसले.

१५ जुलै, मंगळवार

चांदणी आजारी आहे. चांगलीच.

जुलेखा दुपारी दारात. "आक्का, जरा येऊन बघता का? कालपासून वैरनीला तोंड लावेना." गेले. काळी-पांढरी उंच संकरित गाय, मान खाली टाकून उभी. डोळ्यांतून धार. श्वास असा की बरगड्या मोजाव्यात. खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ. आणि पोटात आठ महिन्यांचं वासरू.

तिचा नवरा जहांगीर बाजूला उभा, हात बांधून. चार महिन्यांपूर्वी बाळापूरच्या बाजारातून त्यानंच ही गाय आणली. गल्लीत मिरवत आणली होती, गळ्यात नवी घंटा बांधून.

"हिची पैली धार सबीहाच्या घरी द्यायची, असं ठरवलं व्हतं," जुलेखा म्हणाली. सबीहा तिची लेक. सासरी आहे, बाळंतपण जवळ आलंय. "आता गाय वाचली तरी पुरे."

डॉक्टरला फोन लावला. उद्या बुधवारच आहे, म्हणजे येणारच. भाषणातला माझा विनोद आज मला हसवेना.

१६ जुलै, बुधवार

डॉ. पल्लवी आली. स्कूटी, पाठीला पिशवी, गुडघ्याएवढे रबरी बूट. माझ्या भाषणात जी शिव्या खाणार होती ती हीच! सकाळपासून तिसरं गाव. जेवलेली नव्हती. जुलेखानं भाकरी दिली, ती उभ्यानंच खाल्ली.

ताप एकशे सहा. पापणी उलटून पाहिली — पांढरी पडलेली. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काढून काचपट्टीवर पसरला. म्हणाली, "मला तर गोचीड ताप वाटतोय. तपासणी उद्या कळेल, पण मी थांबणार नाही. इंजेक्शन आजच द्यायचं." एक तिच्याजवळ होतं, ते दिलं. दुसरं जहांगीर कळमनुरीहून घेऊन आला, मोटारसायकलवर, सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळून. जणू अंडं आणतोय.

जुलेखानं विचारलं, "आन् पोटातलं?"

"आधी आई," पल्लवी म्हणाली. "तीन-चार दिवस बघू."

१७ जुलै, गुरुवार

गोचीड ताप आहे. पक्कं.

हे लिहायला बसते आणि उठते. चौथ्यांदा बसलेय. लिहितेच.

पल्लवी आज वाट वाकडी करून आली. जुलेखाचा गोठा पाहिला. सिमेंटची जमीन, रोज धुतलेली. म्हणाली, "जुलेखाबी, तुमचा गोठा माझ्या स्वयंपाकघरापेक्षा चांगला आहे." मग कोपऱ्यात गेली. तिथं आमच्या दोघींची सामाईक भिंत आहे. दगड-मातीची, जुनी, फटीफटींची. अलीकडे माझा गोठा, पलीकडे तिचा. पल्लवीनं बॅटरी मारली, काडी घातली. फटीतून गोचीड गळले. मुठीनं! बारीक, मोठे, रक्त पिऊन टरारलेले.

"बाकी गोठ्यात एक नाही, आणि या एका कोपऱ्यात एवढे? आले कुठून?"

जुलेखानं भिंतीच्या वरच्या कडेकडे पाहिलं. जहांगीर म्हणाला, "बाजारातूनच आले असतील, म्याडम. मीच आनली ही बला."

मग पल्लवी माझ्याकडे वळली. "मावशी, तुमच्या गाईला कधी ताप-बीप?"

"कधीच नाही! देशी आहे." छाती फुगवूनच म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय. देशी गाय सहसा आजारी दिसत नाही, पण आजार तिच्या रक्तात राहू शकतो. बारीक गोचीड तिचं रक्त पितात, खाली पडतात, फटीत वाढतात. मोठे होऊन दुसरीला चावतात. दुसरी संकरित असली की आडवी होते." आणि जाता जाता, सहज — "एक मादी तीन-चार हजार अंडी घालते."

तीन वर्षं. रोज एक करवंटी.

भिंतीपलीकडे म्हणजे नेमकं कुठे, हे मी तीन वर्षांत स्वतःला एकदाही विचारलं नाही. मी टाकते तिथं पलीकडे तिच्या परसातलं गवत आहे. गवतातला जीव गवतात गेला, असं म्हणून हात धुवायचे आणि विहारात जाऊन करुणेवर बोलायचं! त्या गवताला लागून तिचा गोठा आहे. मला माहीत नव्हतं? रोज तिच्या गाईचं हंबरणं ऐकते की मी!

मान हलवली. "हो का," म्हणाले. तीस वर्षांची वक्ती, आणि तोंडातून एवढंच आलं.

१८ जुलै

आज गोचीड काढले नाहीत. काढून टाकायचे कुठे?

१९ जुलै, शनिवार

चांदणी तशीच. ताप उतरला, पण खात नाही.

चहाच्या टपरीवर तातेराव. पाच म्हशींचा मालक, आवाज आठ म्हशींचा. "बाहेरची गाय आनली की बाहेरचा रोग येनारच! म्या तवाच म्हनलो व्हतो. आता समद्या गल्लीला तकलीफ." जळबा बाजूला बिडी ओढत होता. तो म्हणाला, "मी त्यांचं एकबी जनावर कळपात घेनार न्हाई. माझ्यावर बालंट नको."

"त्यांचं" म्हणजे जहांगीरचं. चांदणीसोबत त्याची म्हातारी गायही आता घरीच. ती धडधाकट आहे, तरी.

मी तिथंच उभी होते, दुधाची किटली घेऊन. तातेरावनं विचारलं, "काहून बाई, आज गप? तुमच्या त्या आवडत्या देशी वानाचं सांगा की यान्ला!"

मी — मी — म्हणाले, "उशीर होतोय." आणि निघून आले.

जिनं कळमनुरीत दोन हजार माणसांसमोर सांगितलं होतं की अन्याय पाहून गप्प बसणाऱ्याचाही त्यात वाटा असतो — ती मीच ना? टाळ्या वाजल्या होत्या. फार वेळ वाजल्या होत्या.

२० जुलै, रविवार

शील शील करत बसले दिवसभर. पुस्तकं काढली, तीन उघडी ठेवली. उत्तर पुस्तकात नव्हतं, करवंटीत होतं.

प्राणिहिंसा नको म्हणून मी काय केलं? माझ्या हाताला रक्त लागू नये एवढं केलं. रक्त दुसऱ्याच्या दारात सांडलं. मरणारी गाय, तिच्या पोटातलं वासरू — ते जीव नव्हते? मी जीव वाचवत नव्हते. मी माझे हात वाचवत होते.

पल्लवीला फोन करून विचारलं, काढलेले गोचीड टाकायचे कुठे? "डब्यात थोडं रॉकेल नाहीतर डिझेल. त्यात टाका, झाकण लावा. काहून हो मावशी?" "सहज," म्हणाले.

सहज! हिला तरी सांगायचं होतं.

संध्याकाळी डबा घेऊन बसले. सतरा गोचीड. टाकले. झाकण लावलं. मग तांबडीच्या मानेवर कपाळ टेकून उभी राहिले. ती आपली रवंथ करत होती.

२२ जुलै, मंगळवार

खाल्लं! चांदणीनं खाल्लं!

जुलेखा भिंतीवरून ओरडली, "आक्का! कडबा वढून राहिली! हातातून वढून राहिली!" धावत गेले. खरंच. कडबा असा ओढत होती की जुलेखाची बांगडी फुटली. डोळे स्वच्छ. गाठ निम्म्यावर. पल्लवीनं पोटाला हात लावला, वाट पाहिली, हसली. "आहे. लाथ मारतंय."

जुलेखानं पदर तोंडाला लावला. जहांगीर गोठ्याबाहेर गेला आणि बराच वेळ विनाकारण नळ सोडून उभा राहिला.

छातीवरचा दगड उतरला. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

आणि जेवताना मनात आलं — गाय तर बरी झाली. आता सांगून काय मिळणार? कोणाला काय फायदा? ... हेही लिहून ठेवते. असा विचार माझ्या डोक्यात आला होता, मंगळवारी, तिसऱ्या भाकरीला.

२४ जुलै, गुरुवार

जळबा अजूनही त्यांच्या गाई नेत नाही. चांदणी हिंडती-फिरती झाली तरी. आज सकाळी तिनं कळप जाताना पाहिला आणि हंबरली. जुलेखा दोन्ही गाईंना बांधावर घेऊन एकटीच गेली.

जहांगीर म्हणतोय, वासरू झालं की चांदणी परत बाजारात नेणार. "गल्लीला नको असलेलं जनावर काहून ठेवायचं, बाई? मान खाली घालून किती दिस फिरू?"

बस. झालं. ठरलं.

२६ जुलै, शनिवार

भाषण फाडलं नाही. पहिलं पान तेवढं काढून ठेवलं. दवाखान्याची मागणी खरीच आहे, ती सोडणार नाही. पण आधी माझं.

पाठ करत नाहीये. पाठ केलं की त्यातलं खरं निघून जातं आणि टाळ्यांची जागा तयार होते.

२७ जुलै, रविवार

झालं. सांगितलं.

शाळेच्या व्हरांड्यात सभा. माणसं पुष्कळ, गोचीड तापाची भीती सगळ्यांना. जुलेखा बायांत बसलेली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. जहांगीर खांबाला टेकून, सगळ्यांत मागे. नेहमीप्रमाणं मला बोलावलं. कोणीतरी ओरडलं, "अनुसयाबाई, आज कुनाची खैर न्हाई!"

माईक घेतला नाही. म्हणाले, "दवाखान्याचं नंतर. आधी माझ्या भिंतीचं." आणि सांगितलं. वर्षावास, करवंटी, तीन वर्षं. "जहांगीरभाईनं रोग आणला नाही. रोग माझ्या गोठ्यातून गेला. चांगली गाय बाजारातून आणणं हा गुन्हा नाही. आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकून वर पुण्य मोजणं — तो आहे. तो मी केला."

शाळेच्या पत्र्यावर कावळा चालताना ऐकू आला.

मग तातेराव — तो गप्प कसा बसेल! "म्हंजी बाई, तीन वर्सं तुमी रोग वाटून राहिल्या व्हत्या? पेढ्यावानी?"

हशा! मी सगळ्या आयुष्यात कमावला नसेल एवढा. माझ्यावरच. आणि कसं सांगू, हलकं वाटलं.

पण हशा थांबायच्या आत तातेरावची सून पूजा उठली. "मामाजी, आपन तरी कुठं टाकतो? नालीत टाकतो. नाली जाते पद्माबाईच्या दारातून."

"व्हय!" पद्माबाई तिथूनच ताडकन. "तरीच म्हनलं माझ्या कालवडीला सुटत कसे न्हाईत!"

"तुमी तरी कुठं टाकता, पद्माबाई?"

"...रस्त्यावर."

"अन् रस्त्यानं माझा कळप जातो!" जळबा कपाळावर हात मारून. मग जरा थांबून, "मी बी चरायला नेतो तवा समद्यांचे उपटून तिथंच टाकतो म्हना."

सगळी गल्ली एकमेकांच्या भिंतीपलीकडे टाकत होती! माझं शील, कोणाचा कंटाळा, कोणाची सवय — गोचिडाला त्याचं काय.

डॉ. पल्लवी आली होती. तिनं सांगितलं — एकाच दिवशी सगळी जनावरं, सगळे गोठे, सगळ्या भिंती. एकानं आज आणि दुसऱ्यानं पुढच्या आठवड्यात केलं तर गोचीड फक्त घर बदलतात. पंधरा दिवसांनी पुन्हा. ३ ऑगस्ट ठरला. दवाखाना आठवड्यातून तीन दिवस उघडावा, असा ठरावही झाला, आणि त्यावर पहिली सही करायचा मान पल्लवीनं मागितला! हिला मी शिव्या देणार होते.

शेवटी जहांगीर पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला. "बारा दिस मी सोताला शिव्या देऊन राहिलो, बाई." एवढंच. चिडून नाही. पण मान वर होती. त्याला जाताना पाहिलं तर पाठही सरळ.

जुलेखानं पिशवी काखेत मारली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. शिवी तरी.

२८ जुलै

जळबा सकाळी जहांगीरच्या दारात. "सोडा की बे गाई! ऊन झाल्यावर सोडता का?"

३ ऑगस्ट, रविवार

गल्ली आज माणसांची नव्हती, भिंतींची होती. सकाळी सातपासून. जनावरं आधी फवारली, मग गोठे. तातेरावची म्हैस फवारणीला घाबरून थेट विहाराच्या पायरीवर. तातेराव मागे धोतर सावरत — "अगं ये, दीक्षा नंतर घे!" मीसुद्धा पोट धरून हसले.

मग फटी. माती, शेण, भुसा, चुना — घमेली भरभरून. ज्यानं त्यानं आपापली बाजू लिंपली. सामाईक भिंतीची माझी बाजू मी लिंपली, पलीकडची जहांगीरनं. पलीकडून त्याच्या थापीचा आवाज येत होता, अलीकडून माझ्या. मध्येच तो म्हणाला, "बाई, अजून हाय का काई टाकायचं?" मी म्हणाले, "आता फक्त भाषण." पलीकडून हसण्याचा आवाज आला.

चार दिवस खांदे दुखतील. दुखू देत.

१२ ऑगस्ट

तीन दिवस झड. तांबडीच्या अंगावर आज एकच गोचीड. एक! पण भिंतीचा लिंप ठिकठिकाणी गळलाय. पलीकडच्या बाजूला पागोळ्या पडतात, तिथं जास्त असणार.

१६ ऑगस्ट, शनिवार

कालवड! काळी, कपाळावर पांढरा ठिपका, पाय माझ्या हातांपेक्षा लांब. सकाळी नऊला, पल्लवी यायच्या आत, चांदणीनं स्वतःच उरकलं. जहांगीर गल्लीभर सांगत सुटला. आता बाजाराचं नाव काढत नाही. पल्लवी आली, पाहिलं, म्हणाली, "माझी गरजच नाही इथं." शनिवार होता. तिचा वार नव्हता. तरी आली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

जुलेखा खरवस घेऊन आली. "सबीहाकडं सकाळीच पोचवला. हा तुमचा." वेलची घातलेला, अजून कोमट. बाजूला बसली. मग कापडी पिशवीतून काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं.

करवंटी. तारेचा कान लावलेली.

"दोन वर्सं झाली, आक्का. माझ्या परसात पडली व्हती, गोचिडं भरून. रोज सांजंला धपकन आवाज बी ऐकत व्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"सबीहाची शाळा घरचे बंद करायला निघाले व्हते, तवा तुमीच आमच्या घरी येऊन भांडल्या. गोचिडासाठी तुमच्याशी काय भांडू, म्हनलं. पर म्याडमनं काडी घातली तवा समजलं का हे नुसतं गोचीड न्हाई. माझा नवरा मान खाली घालून फिरून राहिला, आन् तुमाला ठावं हाय. त्याला बी न्हाई सांगितलं. म्हनलं, आक्का बोलतील. सभेपर्यंत बघू. ही पिशवीत घेऊनच बसले व्हते त्या दिशी. तुमी नसत्या उठल्या तर मी उठले असते."

मग म्हणाली, "खावा. गार होईल."

खाल्ला. काय सांगू. गोड होता.

उद्या दुसरी फवारणी. ठरल्या वेळी सगळे आपापली बाजू लिंपणारच. गाईवाल्यांनो, म्हशीवाल्यांनो — आणि सगळ्यांत आधी तू, अनुसया — उद्या सकाळी सातला घमेलं उचल, भिंतीला वळसा घालून शेजाऱ्याच्या परसात जा, आणि त्याच्या बाजूच्या फटी लिंप.